तारीख समोर स्क्रीनवर असते, तरी दोन-दोन पायलटच्या नजरेतून जुना डेटा सुटतो कसा?

प्रश्न विचारणारे सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहेत, ओझरहून अधूनमधून कामासाठी विमानाने जातात. त्यांनी कुठेतरी वाचलं की एक पॅसेंजर विमान मुदत संपलेल्या नॅव्हिगेशन डेटावर उडालं आणि निघायच्या आधीच्या चेकमध्ये दोघांपैकी एकाही पायलटच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचं म्हणणं असं की चेकलिस्ट आहे, माणसं दोन आहेत, तारीख स्क्रीनवर लिहिलेली आहे, मग हा निष्काळजीपणा नाही तर काय, आणि कॉम्प्युटरला तारीख कळते तर तो विमान उडूच का देतो. शिवाय त्यांचा भाचा धुळ्याला फ्लाइंग शिकायला चाललाय, त्याला काय सांगू, हेही विचारलंय.

मी नाशिकचाच. बरीच वर्षं एअरलाइनमध्ये ७३७ उडवलं, मग ए३२०, आता जास्त वेळ सिम्युलेटरवर नवीन पोरापोरींना शिकवण्यात जातो, तर जे रोज बघतो त्यावरून सांगतो.

निष्काळजीपणा कधीकधी असतो, नाही म्हणत नाही. पण सिम्युलेटरवर मी मुद्दाम जुना डेटाबेस लावून ठेवतो तेव्हा त्यात अडकणारा माणूस बहुतेक वेळा नीट चेक करणाराच असतो. त्याने डेटाच्या मुदतीचं पान स्क्रीनवर उघडलेलं असतं, बघितलेलं असतं, तोंडाने 'चेक्ड' म्हटलेलं असतं, आणि तरी तारीख सुटलेली असते. तुमचा खरा प्रश्न हा आहे असं मला वाटतं. पंप बिघडला की दिवा लागतो, प्रेशर पडलं की आवाज येतो, पण जुना डेटा जुना दिसतच नाही, तीच नावं, तेच आकडे, मॅपवर तीच गुलाबी लाइन, सगळं हुबेहूब बरोबर असल्यासारखं. त्यात हे पान वर्षभरात जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा तारीख बरोबरच निघते, मग हळूहळू डोळे वाचायचं सोडून देतात आणि फक्त 'आहे ना जागेवर' एवढंच बघतात.

आधी हा डेटा म्हणजे काय ते सांगतो. विमानाच्या एफएमसी नावाच्या कॉम्प्युटरमध्ये वेपॉइंट म्हणजे नकाशावरचे ठरलेले बिंदू, हवाई मार्ग, रनवे, टेकऑफनंतर बाहेर पडायचे रस्ते, लँडिंगला आत यायचे रस्ते हे सगळं साठवलेलं असतं. हे बदलत राहतं, म्हणून दर २८ दिवसांनी, गुरुवारी, जगभर एकाच दिवशी नवीन आवृत्ती लागू होते, याला एअरॅक सायकल म्हणतात, वर्षाला साधारण १३ होतात. विमानात एकावेळी दोन आवृत्त्या असतात, एक ॲक्टिव्ह आणि दुसरी बाजूला ठेवलेली. इंजिनिअर लोक पुढची आवृत्ती काही दिवस आधीच भरून ठेवतात, मग त्या दिवशी फक्त दुसरीला ॲक्टिव्ह करायचं असतं. हे इंजिनिअरने करायचं की पायलटने, हे कंपनीच्या पद्धतीवर आहे, आणि खरं सांगू का, घोळ बऱ्याचदा इथूनच सुरू होतो कारण पायलटला वाटतं इंजिनिअरने केलं असेल.

आता ती तारीख दिसते कशी ते जवळून बघा. २०२५ च्या डिसेंबरात नवीन सायकल २५ तारखेला, गुरुवारी लागली. त्याच्या आधीची सायकल ७३७ च्या आयडेंट पानावर, म्हणजे डेटाची मुदत दाखवणाऱ्या त्या पानावर, इंग्रजी अक्षरांत अशी दिसते: नोव्ह२७डिसे२४/२५. मध्ये कुठेही स्पेस नाही. शेवटचं २४/२५ म्हणजे २४ तारीख आणि पुढचं २५ हे साल. पहाटे साडेचारला उठवून आणलेला माणूस, डोक्यात 'आज २५ डिसेंबर' फिट बसलेलं, तो या ओळीकडे बघतो, त्याला डिसेंबर दिसतो, २५ पण दिसतो, मन म्हणतं जुळलं, चला पुढे. प्रत्यक्षात ते २५ साल आहे आणि डेटा काल संपलाय. मी हेच उदाहरण शिकवताना देतो आणि फळ्यावर लिहिलेलं असतानाही वर्गातले दोन-चार जण फसतात.

त्यावर वेळेची भानगड. सायकल बदलते यूटीसीप्रमाणे, म्हणजे विमान वाहतुकीत जगभर वापरतात त्या एका सामाईक वेळेप्रमाणे, रात्री बाराला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आता पावणेसहाची फ्लाइट धरा. तुम्ही पावणेपाचला कॉकपिटमध्ये बसून चेक करताय, यूटीसीप्रमाणे अजून २४ तारीख आहे, जुना डेटा बरोबर आहे, कॉम्प्युटरही काही बोलत नाही. टेकऑफ होईपर्यंत यूटीसीत पण २५ उजाडली, आता तोच डेटा जुना. म्हणजे चेक केला तेव्हा बरोबर, उडलो तेव्हा चूक, आणि दोष कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा. उलटंही होतं, मध्यरात्री दोनच्या फ्लाइटला मनगटावरचं घड्याळ २५ सांगतं आणि एखादा उत्साही पायलट नवीन डेटाबेस लवकरच ॲक्टिव्ह करून टाकतो. आणि अजून एक, डेटाबेस बदलला की आधी भरलेला रूट पुसला जातो, सगळं परत टाइप करायचं, परत दोघांनी ताडून बघायचं. दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना हे काम कुणालाच नको असतं, त्यामुळे जी शंका मनात येते ती पण जरा हळू आवाजातच येते.

हे सगळं वाचून वाटेल की मग विमान भलतीकडेच जाईल. तसं सहसा होत नाही. तुम्ही क्वालिटीला आहात म्हणून तुमच्याच भाषेत, कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेलं मायक्रोमीटर घ्या. दुसऱ्या दिवशी ते चुकीचं माप दाखवायला लागत नाही, बहुतेक वेळा बरोबरच दाखवतं, फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायचा हक्क संपलेला असतो. इथेही तसंच, २८ दिवसांत जगातल्या थोड्याच गोष्टी बदलतात आणि त्यातली एखादी तुमच्या रूटवर असेल तरच अडचण. मुंबई-दिल्ली नेहमीच्या रस्त्याने गेलात, खाली आयएलएसवर, म्हणजे रनवेजवळून येणाऱ्या रेडिओ सिग्नलच्या आधाराने, उतरलात तर तो सिग्नल जमिनीवरच्या अँटेनाकडून येतो, त्याला तुमच्या डेटाबेसच्या तारखेशी देणंघेणं नाही. पण जिथे सॅटेलाइटवर आधारलेला आरएनपी अप्रोच, म्हणजे लँडिंगला आत यायचा रस्ता, आहे तिथे पूर्ण रस्ता डेटाबेसमधूनच येतो, पायलटने हाताने बनवायला परवानगीच नाही, तिथे जुना डेटा म्हणजे थेट नको. म्हणून 'किती धोकादायक' याचं एकच उत्तर देता येत नाही, कुठून कुठे, कुठल्या अप्रोचने, आणि या सायकलमध्ये नेमकं काय बदललं यावर आहे.

याच कारणाने कॉम्प्युटर विमान अडवत नाही. तो मेसेज देतो, ७३७ वर 'नॅव्ह डेटा आउट ऑफ डेट' आणि ए३२० वर 'चेक डेटा बेस सायकल', पण एक बटण दाबलं की मेसेज जातो, आणि सकाळी विमान चालू करताना असे आणखी चार मेसेज आलेले असतात तेही त्याच बोटाने जातात. अडवायला लावलं तर काय होईल विचार करा, लांबच्या फ्लाइटमध्ये हवेत असतानाच सायकल बदलते, तेव्हा कॉम्प्युटरने हात वर केले तर? किंवा विमानाचं घड्याळच चुकीचं सेट असेल तर? मुदत संपलेल्या डेटावर उडायची सोय एमईएल नावाच्या पुस्तकात, म्हणजे विमानातलं काय बंद असताना कुठल्या अटींवर उडता येतं त्याच्या यादीत, सहसा असते, अटी घालून, म्हणजे रूटवरचा प्रत्येक पॉइंट चालू चार्टशी ताडायचा, काही प्रकारचे अप्रोच करायचे नाहीत वगैरे. किती दिवस आणि नेमक्या कुठल्या अटी हे प्रत्येक कंपनीच्या मंजूर एमईएलवर आहे. तेव्हा मुदत संपलेला डेटा माहीत असून, अटी पाळून उडणं आणि माहीतच नसताना उडणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, बातमीत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते सांगतो, कारण डेटाबेसची तारीख निदान कुठेतरी लिहिलेली असते. बाकीचा जुना डेटा तारखेशिवायच फिरत असतो.

१४ ऑक्टोबर २००४, कॅनडात हॅलिफॅक्स, एमके एअरलाइन्सचं ७४७ मालवाहू विमान. टेकऑफचा स्पीड आणि इंजिनची पॉवर काढायला लॅपटॉपवर प्रोग्राम होता. विमानाचं खरं वजन साधारण ३५३ टन होतं आणि चौकशीत निघालं ते असं की हिशोब बहुधा आधीच्या विमानतळावरच्या, म्हणजे साधारण २४० टनांच्या वजनावर झाला. लॅपटॉपमध्ये आधीच्या टेकऑफचा आकडा तसाच राहिलेला. विमान रनवे संपला तरी नीट उचललं गेलं नाही, आतले ७ च्या ७ जण गेले. क्रू प्रचंड थकलेला होता हेही त्यात आहेच. पण बघा, २४० टन हा ७४७ साठी अगदी शक्य आकडा आहे, तो चुकीचा दिसत नाही, तो फक्त मागच्या फ्लाइटचा आहे. बाहेर बघून कुणी सांगू शकत नाही.

दुसरं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. २८ नोव्हेंबर १९७९, एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अंटार्क्टिकाची सैर करायला निघालं आणि माउंट एरेबसवर आदळलं, २५७ माणसं गेली. काही दिवस आधी ब्रीफिंगमध्ये जो रूट दाखवला होता तो मॅकमर्डो साउंडच्या सपाट बर्फावरून जात होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये शेवटच्या पॉइंटचे कोऑर्डिनेट्स दुरुस्त केले गेले, त्यामुळे रस्ता सरळ डोंगरावर गेला, आणि क्रूला कुणी सांगितलं नाही. सकाळी त्यांनी हातात मिळालेल्या कागदावरचे आकडे विमानात बरोबर भरले, कागद आणि स्क्रीन जुळली. त्यांचा चेक तंतोतंत पास झाला असणार. जुना डेटा विमानात नव्हताच, तो त्यांच्या डोक्यातल्या नकाशात होता.

हे मी का सांगतोय, तर कागद आणि स्क्रीन एकाच ठिकाणाहून आले असतील तर ते जुळणारच, त्या जुळण्याने फक्त टायपिंग बरोबर झालंय एवढंच कळतं. म्हणून रूट भरल्यावर मी दोन गोष्टी बघायला लावतो, प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर फ्लाइट प्लॅनशी जुळतंय का ही एक, आणि मग तोच रूट मॅपवर पूर्ण सरकवत शेवटपर्यंत न्यायचा आणि टॅबवरच्या चार्टशी ताडायचा, कारण चार्ट वेगळ्या वाटेने आलेला असतो. टॅबची पण तारीख बघायची बरं का, तो हॉटेलच्या वायफायवर अपडेट झाला आणि विमान झालं नाही, असं सर्रास होतं.

नोटॅमचं तर विचारूच नका. नोटॅम म्हणजे रनवे बंद, लाइट बंद, क्रेन उभी, एअरस्पेस बंद अशा ताज्या सूचना. अडचण अशी की सगळ्या एकाच अक्षरात, एकाच सुरात येतात, टॅक्सीवेवरचा, म्हणजे रनवेला ये-जा करायच्या रस्त्यावरचा, एक बंद दिवा आणि अख्खा बंद रनवे यांना सारखाच मान. ७ जुलै २०१७ ला एअर कॅनडाचं ए३२० सॅन फ्रान्सिस्कोला रात्री उतरताना शेजारचा रनवे बंद होता, त्याचे दिवे मालवलेले, त्यामुळे क्रूने आपला रनवे समजून टॅक्सीवेवर रोख धरला जिथे चार विमानं ओळीने उभी होती. अगदी खाली, जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत येऊन ते परत वर गेलं. रनवे बंद असल्याची सूचना त्यांच्याकडे होती, २७ पानांच्या गठ्ठ्यात ८ व्या पानावर. माझं स्पष्ट मत, अशा वेळी 'पायलटने वाचलं नाही' एवढं म्हणून फाइल बंद करणं म्हणजे आळशीपणा आहे, आणि तो पायलटचा नाही.

मग करायचं काय. मी शिकवतो ती पद्धत साधी आहे, स्क्रीनकडे बघायच्या आधी उत्तर तोंडाने बोलायचं. 'आज यूटीसी २५ डिसेंबर, आपण उतरेपर्यंतही २५, म्हणजे २५ ला सुरू होणारी सायकल हवी.' हे बोलून झालं की मग आयडेंट पान उघडायचं आणि ॲक्टिव्हची सुरुवातीची तारीख वाचायची, शेवटची नाही, कारण शेवटच्या तारखेत ती सालाची गडबड आहे. आधी बघितलं आणि मग विचार केला तर मन जे दिसतंय त्यालाच बरोबर ठरवतं. आधी बोललं तर न जुळणारं टोचतं. हे दोघांनी वेगवेगळं करायचं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने 'हो हो' करायचं हा चेकच नाही, ती नुसती सोबत झाली.

बाकी कागदांना एकच प्रश्न लावायचा, हा कितीचा आहे. फ्लाइट प्लॅन कितव्या आवृत्तीचा, डिस्पॅचने, म्हणजे कंपनीत जमिनीवर बसून प्लॅन काढणाऱ्यांनी, नंतर नवीन काढला का. लोडशीट, म्हणजे विमानाच्या वजनाचा कागद, शेवटची का. वेदर कितीचं. तुमच्या ओझरचंच घ्या, निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको, हिवाळ्यात सकाळी पाचचं वेदर छान म्हणतं आणि सूर्य वर येता येता धुकं उतरतं, हातातल्या प्रिंटवर अजून छानच असतं. शिवाय तो रनवे एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, लढाऊ विमानांचं टेस्ट फ्लाइंग तिथे चालतं, अशा ठिकाणी वेळा आणि एअरस्पेसचे नोटॅम मी नेहमीपेक्षा सावकाश वाचतो. २०२७ ला सिंहस्थ आहे, गर्दी, व्हीआयपी, ड्रोन, या भागात तात्पुरत्या निर्बंधांचे नोटॅम भरपूर निघतील असं धरूनच चालायला हवं, आणि ते तासातासाला बदलू शकतात. अशा वेळी मी डिस्पॅचला फोन करून 'सगळं ठीक ना' असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो असतं. 'हे पॅकेज काढल्यापासून काय बदललं' असं विचारतो, मग माणूस खरोखर स्क्रीन उघडून बघतो.

वेळ कमी असेल तर काय सोडायचं, असंही पोरं विचारतात. पंचवीस-तीस मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये, म्हणजे उतरून परत निघायच्या मधल्या वेळात, सगळं सारख्या खोलीने वाचता येत नाही हे मान्य. पण त्याच क्रूने तेच विमान आणलं असेल आणि मध्ये यूटीसीची तारीख बदलली नसेल तर डेटाबेस परत बारकाईने बघायला फार वेळ घालवू नका, तो वेळ वजन आणि टेकऑफच्या आकड्यांना द्या, कारण ते प्रत्येक फ्लाइटला बदलतात आणि मागचा आकडा तिथेच पडलेला असतो. पहिली फ्लाइट असेल, विमान दुसऱ्याकडून घेतलं असेल, किंवा गुरुवार असेल, तर उलट. कॅप्टन सीनियर आणि फर्स्ट ऑफिसर नवा असेल तर अजून एक, आपल्याकडे मोठ्या माणसाने 'बघितलं मी' म्हटलं की विषय संपतो. मी शिकवताना कॅप्टन लोकांना सांगतो की 'सर, आयडेंट परत बघू का' असं पोराने विचारलं की मान हलवून पान उघडून द्या, बाकी काही बोलू नका. त्या क्षणी तोंडावर जरा जरी वैताग दिसला तर तो पोरगा पुढच्या वेळी विचारणार नाही, आणि पुढची वेळ कुठली असेल हे तुमच्या हातात नाही.

तुम्ही प्रवासी म्हणून यात काही करायची गरज नाही. सायकल बदलायच्या दिवशी सकाळची फ्लाइट दारं लावून पंधरा मिनिटं उभी राहिली आणि 'पेपरवर्क' असं काहीतरी अनाउन्स झालं, तर बऱ्याच कारणांपैकी एक हेही असू शकतं की कुणीतरी डेटाबेस बदलून रूट परत भरतंय, तेवढा उशीर मी आनंदाने सोसेन.

आणि भाच्याबद्दल. ट्रेनिंगच्या विमानात जी-१००० सारखी स्क्रीन असेल तर ती चालू केल्यावर पहिल्याच पानावर डेटाबेसची यादी आणि प्रत्येकाची मुदत येते, संपली असेल तर पिवळ्यात, आणि पुढे जायला एंटर दाबावं लागतं. आठवड्याभरात पोरांचा अंगठा पान उजळायच्या आधीच एंटरवर जाऊन बसलेला असतो, पुढे एअरलाइनमध्ये तोच अंगठा येतो. त्याला सांगा, पहिल्या सॉर्टीपासून अंगठा मांडीवर ठेवायचा, यूटीसीची तारीख मोठ्याने बोलायची, यादी वाचायची, मग एंटर. आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करायची सवय धुळ्यालाच लावून घे म्हणावं, पहाटेच्या फ्लाइटला ती डोक्यात आपोआप झाली पाहिजे. इन्स्ट्रक्टर हसला तर हसू दे. फ्लाइंग क्लबच्या विमानात पिवळी ओळ दिसली तर ती कुणाला सांगायची आणि कुठल्या वहीत लिहायची, हे मात्र त्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते.